टेबलासकट

हाडांच्या डॉक्टरांनी ते विनोदाने म्हटलं होतं. "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चाला, जिने चढा, हवं तर डोंगर चढा. फक्त आडव्या उड्या बंद. काय मारायच्या त्या मंगळवारच्या आत मारून घ्या." आणि ते स्वतःच हसले.

डॉक्टरांनी विनोद करू नयेत असं नाही, पण समोर कोण बसलंय ते बघून करावेत. समोर बसलेल्या बाईंचं आयुष्य रक्त तपासायच्या लॅबमध्ये गेलं होतं आणि सांगितलेली गोष्ट सांगितल्याबरहुकूम करायची त्यांना सवय होती. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. शेजारी बसलेला नवरा खुर्चीत सरळ झाला. ही मान त्याच्या ओळखीची होती. याच मानेने पूर्वी एकदा लग्नाला होकार दिला होता.

दवाखान्याच्या जिन्यातच ती म्हणाली, "रविवारी वन्संना बोलवा. मला त्यांच्याशी एक गेम खेळायचीय."

"कसली गेम?"

"टेबल टेनिसची. आपल्या घरी, आपल्या टेबलावर."

नवरा दोन पायऱ्या खाली उतरून थांबला. "आपल्याकडे टेबल आहे?"

बायकोने नुसतं बघितलं. मग त्याला आठवलं. आहे. म्हणजे होतं. म्हणजे असायला हवं, खाली कुठेतरी.

हा नवरा एका मोठ्या गोदामाचा मॅनेजर होता. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी असला अवजड माल. गोदामात त्याचा दरारा असा, की वारासुद्धा लेबल लावूनच आत येत असावा. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नंबर. आणि मालाखालच्या लाकडी पॅलेटला, म्हणजे ज्या फळीवर माल रचतात तिला, रंगीत लेबल. लाल लेबल म्हणजे बाहेर. लेबल मालाला लावायचं नाही, पॅलेटच्या पायाला लावायचं. आणि माल निघाला की पॅलेटसकट निघाला पाहिजे, रिकामी पॅलेट मागे राहता कामा नये. हे त्याने लोडर लोकांच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं होतं, की त्यांतल्या एकाने स्वप्नात बायकोला चटईसकट उचललं होतं म्हणे.

घरी मात्र लोकशाही होती. कुठलीही वस्तू बाहेर काढायची तर तिघांचं एकमत लागे: नवरा, बायको आणि कॉलेजात जाणारी लेक. तिघंही शिकलेली असल्यामुळे एकमत कधी झालं नाही. एवढ्या वर्षांत या घरातून कायमची गेलेली वस्तू म्हणजे एक छत्री, आणि तीही बसमध्ये विसरली म्हणून.

ते टेबल त्यांनी घर घेतलं तेव्हाच आणलं होतं. दोघांची ओळखच कॉलेजच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये झालेली. घर बघताना इतर लोक नळाला पाणी किती येतं ते विचारत, यांनी मोठ्या खोलीची लांबी विचारली. पहिली काही वर्षं रोज संध्याकाळी टकटक चालायची. मग एके दिवशी कुणीतरी टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवले, दोन मिनिटांसाठी. ती दोन मिनिटं अजून संपायची होती. कपड्यांवर खोकी आली, खोक्यांवर बॅगा आल्या, सगळ्यावर एक जुनी चादर आली. हळूहळू टेबल हा शब्दही गेला. घरात त्याला 'मधला मजला' म्हणू लागले. "जुना चार्जर कुठाय?" "मधल्या मजल्यावर, डाव्या अंगाला." टेबलाखाली होता तो तळमजला. तिथे कुणी जात नसे.

आणि वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली आणि एके काळची विद्यापीठाची चॅम्पियन. भावजयीशी ती आजवर एकदाही हरली नव्हती. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, हरणारं कुणीतरी लागतंच. पण वन्सं ते विसरू देत नसत. भावजयीला लॅबमध्ये बढती मिळाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "छान झालं. बॅकहँड मात्र कच्चाच राहिला हो तुझा." लेकीच्या बारशालाही म्हणाल्या होत्या.

तर मंगळवारनंतर उड्या बंद. म्हणजे वन्संना हरवायचं असेल तर रविवार. त्यानंतर बॅकहँड जन्मभर कच्चा.

गुरुवारी संध्याकाळी मोहीम सुरू झाली. तिघांनी मोठ्या उमेदीने मधला मजला वरून निम्मा उपसला आणि ते सामान पलंगावर नेलं. रात्री झोपायचं म्हणून पलंगावरचं खुर्च्यांवर आलं. सकाळी चहाला बसायचं म्हणून खुर्च्यांवरचं परत मधल्या मजल्यावर गेलं. शुक्रवारी हेच उलट्या दिशेने करून बघितलं.

"आपण सामान आवरत नाही आहोत," लेक म्हणाली. "आपण त्याला फिरायला नेतोय."

शनिवारी बायकोने एकमताचा कायदा तहकूब केला. तिने भाषण वगैरे केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मंगळवारी मला टेबलावर घेणार आहेत. त्याआधी मला माझं टेबल बघायचंय." नवऱ्याने गोदामात फोन करून रविवारी सकाळी टेम्पो आणि दोन लोडर सांगितले, जुन्या सामानाचं केंद्र चालवणाऱ्या संस्थेला कळवलं आणि लाल लेबलांची गुंडाळी घेऊन तो मोठ्या खोलीत उभा राहिला.

"हा पंखा चालतो," तो म्हणाला.

"पाती कुठेत?" लेकीने विचारलं.

"पाती वेगळी. पंखा चालतो."

"बाबा, पाती नसलेल्या पंख्याला मोटर म्हणतात."

"मग मोटर चालते." त्याने पंखा बाजूला ठेवला आणि बरण्यांचं खोकं ओढलं. सगळ्या बिनझाकणाच्या. शेजारच्या खोक्यात नुसती झाकणं होती. कुठलंही झाकण कुठल्याही बरणीला बसत नव्हतं, पण म्हणून काय झालं, दोन्ही बाजूंनी प्रयत्न चालू होते. मग टीव्हीचं थर्मोकोल. टीव्ही तीन वेळा बदलला होता, थर्मोकोल पहिल्याचं होतं. मग चाक तुटलेली बॅग आणि तिच्यात दुसऱ्या बॅगेचं चाक. लेकीची चौथीतली सूर्यमाला, तिच्यातला शनी बेपत्ता. आणि वायरी. कशाच्या तरी वायरी. एकेक वायर त्याच्याकडे अशी बघत होती, की ज्या दिवशी तू मला टाकशील त्याच्या दुसऱ्या दिवशी तुला माझी गरज पडेल.

खरी अडचण सामानाची नव्हतीच. प्रत्येक वस्तूच्या मागे त्याच्या डोक्यातही एक खोकं होतं. पंख्याच्या मागे पाती आणायचं राहिलंय ते. बॅगेच्या मागे चाक बसवणारा शोधायचाय ते. सूर्यमालेच्या मागे शनी करून देतो असं लेकीला सांगितलं होतं ते. बाहेरचा मधला मजला निदान चादरीखाली होता. डोक्यातल्याला चादरही नव्हती. तो रात्री कूस बदलायचा तेव्हा आत काहीतरी घरंगळायचं.

पहिलं लेबल त्याने पंख्याला लावलं आणि काढलं. मग बॅगेला लावलं आणि काढलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी बायको आणि लेक कंटाळून झोपायला गेल्यावर त्याने सगळं परत टेबलावर रचलं, वर चादर ओढली, डोळे मिटले, खाली वाकला आणि टेबलाच्या पायाला एकच लाल लेबल लावून टाकलं. एकेकाचा निरोप घेण्यापेक्षा एकदम सगळ्यांचा. गोदामात लावतात तसंच. लावल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की तो झोपेत घोरलाही नाही.

रविवारी सकाळी वन्सं आल्या त्या ट्रॅकसूटमध्ये. गळ्यात शिट्टी, हातात चामड्याच्या कव्हरातली बॅट.

"छोट्या," त्या भावाला म्हणाल्या. हा छोट्या पन्नाशीचा होता आणि दारातून आडवा निघायला लागला होता. "बॉल दाखव."

छोट्याने बॉल दाखवले. डबीत होते ते सगळे चेपलेले.

"याने काय खेळायचं? कॅरम? जा, नवे आण. आणि तू गं, चल माझ्याबरोबर खाली. बिल्डिंगला दोन चकरा. वॉर्मअप केल्याशिवाय मी कुणाला हरवत नाही."

"चला ना वन्सं," बायको म्हणाली. "गुडघा माझा जाणार आहे, धाप तुम्हाला लागेल." तिने सकाळीच उठून नेट धुऊन बाल्कनीत वाळत घातलं होतं. नेट तेवढं इतकी वर्षं तिच्या कपड्यांच्या कपाटात होतं, साड्यांच्या खाली. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

दोघी खाली गेल्या, नवरा बॉल आणायला गेला. लोडर आले तेव्हा घरात एकटी लेक होती आणि ती आंघोळीला निघाली होती. "ते सगळं," तिने टॉवेल हलवून मोठ्या खोलीकडे दाखवलं आणि न्हाणीघरात गाणी लावून आत गेली.

लोडर दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. थोरल्याने चादर उचलून बघितली. मग वाकून लेबल बघितलं.

"पायाला आहे," तो म्हणाला.

"म्हणजे पॅलेटसकट," धाकटा म्हणाला.

साहेबांच्या घरी साहेबांची शिस्त मोडायची दोघांची हिंमत नव्हती. उलट, आपल्याला शिकवलं ते साहेब घरीही पाळतात हे बघून थोरल्याला भरूनच आलं.

नवरा नवे बॉल घेऊन येत होता तेव्हा कोपऱ्यावर टेम्पो समोरून गेला. मागे उभ्या असलेल्या धाकट्याने सलाम ठोकला. नवऱ्यानेही हात केला. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रंगाच्या मोठमोठ्या फळ्या उभ्या लावून मधला माल कसा घट्ट बसवला होता. 'काय सुरेख आधार दिलाय,' त्याच्या मनात आलं. 'पोरं तयार झाली.' त्याची छाती अभिमानाने फुगली आणि तो शीळ घालत जिना चढला.

दार उघडलं तर मोठ्या खोलीत लेक हात पसरून गोल गोल फिरत होती.

"बाबा, बघ. कुठेच हात लागत नाही."

तो आत आला. इतक्या वर्षांत ही खोली त्याने तिरका होऊनच ओलांडली होती. आज सरळ चालत गेला. पलीकडच्या भिंतीपर्यंत. तिथे एक खिडकी होती. खिडकी आहे हे त्याला माहीत होतं, पण तिला कट्टा आहे आणि त्यावर कोपर टेकून उभं राहता येतं हे नव्याने कळलं. फरशीवर उजेडाचा मोठा चौकोन पडला होता. त्याने चप्पल काढून त्यात पाय ठेवून बघितला. ऊबदार होता.

"केवढी खोली आहे ही," तो म्हणाला. "आपलीच ना?"

"हप्ते तर आपणच भरले," दारातून बायको म्हणाली. तिचा श्वास फुलला होता आणि चेहरा लाल झाला होता. ती आत आली आणि तिने मधोमध उभं राहून एक पाऊल डावीकडे, एक पाऊल उजवीकडे टाकून बघितलं. मग हवेतच एक बॅकहँड मारला. मग आणखी एक. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. लेकीने परत गिरकी घेतली. तिघं त्या रिकाम्या खोलीत अशी खूश होती, की जणू खोली बाहेरून विकत आणली होती.

मागून वन्सं आल्या. त्यांनी दारात उभं राहून खोलीभर नजर फिरवली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"छान," त्या म्हणाल्या. "टेबल कुठाय?"

नवऱ्याला आधी लाल लेबल दिसलं, मग टेबलाचा पाय दिसला, मग कोपऱ्यावर आपण ज्याला हात केला ती हिरवी फळी दिसली. या क्रमाने त्याचा चेहरा उतरत गेला.

"छोट्या," वन्सं शांतपणे म्हणाल्या, "तू काय केलंस?"

"पॅलेटसकट," नवरा म्हणाला.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाल्कनीत गेली, ओलं नेट दोरीवरून ओढलं, उपरण्यासारखं गळ्यात टाकलं आणि बॅट उचलली. "वन्सं, गाडी काढा," ती म्हणाली.

वन्संची गाडी लहान होती आणि वन्सं ती मुलांना रांगेत पळवावं तशी चालवत. सिग्नलला पुढची गाडी जरा रेंगाळली की खिडकीतून शिट्टी मारायच्या. मागच्या सीटवर नवरा बॉलची डबी छातीशी धरून बसला होता.

"एक सांगू का," तो म्हणाला.

"नका सांगू," बायको म्हणाली.

"टेबल माझ्या लक्षातच आलं नाही. ते आपलं आहे असं वाटलंच नाही."

"वाटेल कसं? हिरवं आहे हे तरी आठवत होतं का तुम्हाला?"

"मला वाटायचं निळं," लेक म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही नीट. मला तर वाटायचं खाली पलंग आहे."

"आत्या, सिग्नल लाल झालाय," ती पुढे म्हणाली.

"अजून पूर्ण झाला नाही," वन्सं म्हणाल्या आणि गाडी पुढे काढली.

केंद्र म्हणजे एक लांबलचक शेड आणि पुढे फरसबंद अंगण. रविवार असल्यामुळे गर्दी होती. टेम्पो नुकताच रिकामा झाला होता. अंगणात त्यांचा अख्खा मधला मजला मांडून ठेवला होता, उन्हात, जगासमोर; आणि शेडच्या भिंतीला टेबलाचे दोन्ही अर्धे भाग टेकवले होते. धूळ झटकलेले, हिरवेगार.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. केंद्राच्या बाई, डोक्याला रुमाल आणि अंगात कामाचा एप्रन घातलेल्या, त्यांच्यासमोर जाऊन त्याने हात जोडले. "चूक झाली. ते टेबल तेवढं परत न्यायचंय."

"तेवढं नाही मिळत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"न्यायचं तर सगळा लॉट न्यायचा. नाहीतर काहीच नाही." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, सवयीचा होता. "पूर्वी देत होतो सुटं. लोक सकाळी देऊन जायचे आणि दुपारी रडत यायचे. एकाला मिक्सर हवा, एकाला मिक्सरचं झाकण. मग हा नियम केला. तेव्हापासून कुणी आलं नाही. तुम्ही पहिले."

वाईट म्हणजे नवऱ्याला हा नियम आवडला. गोदामात त्यानेही असाच केला असता. तो मागे वळला तर थोरला आणि धाकटा टेम्पोला टेकून बिस्किटं खात होते. टेम्पो रिकामा होता. लोडर तयार होते. समोर त्याचा पंखा, त्याच्या बरण्या, त्याची झाकणं, त्याच्या वायरी. सगळं आपल्याकडेच बघतंय असं त्याला वाटलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "नेऊ मग सगळं. टेबलासाठी एवढं करायलाच हवं. भरा रे परत."

बायको त्याच्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्हाला आनंद झालाय."

"मला? छे."

"झालाय. मला दिसतोय. पाती नसलेल्या पंख्याकडे तुम्ही जसं बघताय, तसं माझ्याकडे साखरपुड्यालाही बघितलं नव्हतं."

"बाबा," लेक म्हणाली, "सगळं परत नेलं तर ते ठेवायचं कुठे?"

प्रश्न सरळ होता. नवरा उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की उत्तर एकच आहे: टेबलावर.

बायकोने गळ्यातलं नेट काढलं. "बाई," ती केंद्राच्या बाईंना म्हणाली, "टेबल न्यायचं नाही. इथेच उघडलं तर चालेल? एक गेम. मग तुम्ही विका, वाटा, काय करायचं ते करा."

बाईंनी टेबलाकडे बघितलं, नेटकडे बघितलं, मग वन्संच्या शिट्टीकडे. "चालतंय का ते बघायलाच हवं आम्हाला," त्या म्हणाल्या. "खेळा. पण गिऱ्हाइकांच्या वाटेत नको."

थोरल्या-धाकट्याने अंगणाच्या मधोमध टेबल जोडलं. नेट अजून ओलं होतं, त्यातून टेबलाच्या मध्यावर पाण्याची एक रेघ ओघळली. नवरा पंच झाला. त्याला बसायला काही नव्हतं, म्हणून तो चाक तुटलेल्या बॅगेवर बसला.

"आपल्या काळची एकवीसची," वन्सं म्हणाल्या. "आणि गुडघा दुखला तर सांग, मी थांबेन. जिंकून थांबेन."

"सर्व्ह करा वन्सं."

पहिले सहा पॉइंट वन्संकडे गेले. त्या हलतही नव्हत्या, नुसतं मनगट फिरवायच्या आणि बॉल कोपऱ्यात जाऊन पडायचा. बायको धावायची आणि पोचायची नाही. सातव्याला पोचली. आठव्याला पोचून परत मारला. बॅकहँडने. बॉल नेटला घासून पलीकडे पडला आणि तिथेच बसला.

"नशीब," वन्सं म्हणाल्या.

"सात-एक," पंच म्हणाला.

गिऱ्हाइकं एकेक करून थांबायला लागली. कुणाच्या हातात कढई, कुणाच्या हातात भिंतीवरचं घड्याळ. एक आजोबा एक खुर्ची घासाघीस करून विकत घेत होते, ते घासाघीस सोडून तिच्यावरच बसले. लेक बॉल आणायला पळत होती. नऊ-सहा. बारा-दहा. बायकोच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि ती हसत होती. अशी हसताना नवऱ्याने तिला फार वर्षांत बघितलं नव्हतं. की ती हसत होती आणि आपण मधल्या मजल्यावर काहीतरी शोधत होतो? हे त्याच्या मनात आलं आणि तेवढ्यात पॉइंट झाला, म्हणून ते तिथेच राहिलं.

"चौदा-तेरा."

"काय हो," त्याच्या कानाशी कुणीतरी म्हणालं. एक माणूस पंखा काखेत घेऊन उभा होता. "तुमचं सामान ना हे? हा चालतो का?"

कालपर्यंत या प्रश्नाला नवऱ्याने अर्धा तास उत्तर दिलं असतं. पाती, मोटर, कुठे मिळतील, कितीला मिळतील. त्याने बॉलवरची नजर हलवली नाही.

"सर्व्हिस चालू आहे," तो म्हणाला. "शांत राहा."

माणूस शांत राहिला. थोड्या वेळाने बरण्यांचं खोकं कुणीतरी उचलून नेलं, झाकणांचं दुसऱ्याच कुणीतरी. सूर्यमाला एका बाईंनी नेली. नवऱ्याला दिसलं नाही. त्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त दोन आकडे होते आणि ते दोन्ही एकसारखे होते: अठरा-अठरा. इतकी मोकळी जागा त्याच्या डोक्यात लग्नाच्या आधीही नव्हती.

एकोणीस-अठरा वन्संचे झाले. वन्संना आता धाप लागली होती. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली, ती मधे येत होती म्हणून. एकोणीस-एकोणीस. आजोबा खुर्चीवरून उठले. केंद्राच्या बाई हातातलं काम सोडून टेबलापाशी आल्या आणि स्वतःच गिऱ्हाइकांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"वीस-एकोणीस," पंच म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "बायकोचे. म्हणजे, डावीकडचे."

"पंच तुझ्या पार्टीचा आहे," वन्सं म्हणाल्या.

"सर्व्ह करू का?" बायको म्हणाली.

सर्व्ह साधी होती. वन्संनी ती उजव्या कोपऱ्यात मारली, बायकोने परत केली. डाव्या कोपऱ्यात, परत. उजव्या. डाव्या. टकटक, टकटक. अंगणात दुसरा आवाज नव्हता. वन्संनी एक बॉल असा लांब काढला, की तिथे पोचायचं तर आडवी उडीच हवी. नवरा बॅगेवरून अर्धा उठला. त्याच्या तोंडातून "गुडघा" एवढंच निघालं. बायकोने उडी मारली. हवेत असतानाच तिने बॅकहँड मारला, पडता पडता कशीबशी सावरली, आणि बॉल वन्संच्या बॅटच्या वरून, अगदी बोटभर वरून जाऊन पलीकडच्या कोपऱ्यात आपटला आणि थेट वायरींच्या ढिगाऱ्यात शिरला.

नवरा आकडा सांगायला विसरला. पंचाने उड्या मारायच्या नसतात, तेही तो विसरला. बॅग खालून सरकून पडली ती पडली. कढईवाल्याने कढई वाजवली. आजोबांनी विकत न घेतलेली खुर्ची डोक्यावर धरली.

वन्सं नेटपाशी आल्या. त्यांनी भावजयीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, धाप लागली होती म्हणून असेल. "गुडघा?" त्यांनी विचारलं.

"ठणकतोय. कसला मस्त ठणकतोय."

"दुसरी गेम खेळू."

"नाही वन्सं," बायको म्हणाली. "मंगळवारपर्यंत मला जिंकलेली राहायचंय. नंतरही."

घरी आल्यावर वन्सं तिच्यासाठी बर्फ काढायला स्वयंपाकघरात गेल्या. बायको मोठ्या खोलीत आली. तिथे बसायला खुर्ची नव्हती, म्हणून ती उजेडाच्या चौकोनात फरशीवरच पाय लांब करून बसली. नवरा शेजारी बसला. लेक भिंतीला टेकली.

"किती झाले शेवटी?" बायकोने विचारलं. "तुम्ही सांगितलंच नाही."

"एकवीस-एकोणीस," तो म्हणाला आणि दचकला. रिकाम्या भिंतींनी ते परत म्हटलं होतं. या खोलीत आवाज घुमतो हे घर घेतल्यापासून कुणाला कळायला वावच नव्हता.

"पुन्हा म्हणा," बायको म्हणाली. "जरा मोठ्याने."

"एकवीस-एकोणीस."

खोलीने ते उचललं आणि स्वयंपाकघरापर्यंत नेऊन पोचवलं.

"ऐकू आलं," आतून बर्फ फोडत वन्सं म्हणाल्या. "पहिल्या वेळेलाच आलं होतं ऐकू."

"पुन्हा," बायको म्हणाली.